पथ्य नावाचं फोल्डर

आमच्या घरात मला खासगी म्हणावं असं काहीही नाही. ही तक्रार नव्हे, पंचनामा आहे. लग्नानंतर लोखंडी कपाटातला एक कप्पा माझा म्हणून जाहीर झाला होता. पण त्यात हळूहळू शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर, दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आणि आहेरात आलेली व आहेरातच जायची असलेली शर्टपीसं राहायला आली, आणि आता तो कप्पा उघडायचा तर मी आधी घरात विचारून उघडतो. मला आलेली पत्रं सगळे वाचतात. माझी साखर शेजारच्या काकूंना पाठ आहे. जेवणाआधीची आणि नंतरची, दोन्ही.

तेव्हा माझा भाचा, जो हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काहीतरी करतो, एका रविवारी चहा पिता पिता सहज बोलून गेला, "मामा, फोनमधल्या प्रत्येक ॲपला स्वतःची प्रायव्हेट स्टोरेज मिळते. दुसऱ्या कुठल्याच ॲपला तिथे डोकावता येत नाही," तेव्हा मी बशी खाली ठेवली.

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मामीला?"

"मामी ॲप आहे का?"

त्याला तो विनोद वाटला. मला आशा वाटली.

आता मला खासगी जागा हवी कशाला होती ते सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी मनात आणाल. (या वयात माझ्याबद्दल कुणी भलतं मनात आणलं तर मला बरंच वाटेल, पण ते खरं नाही.) डॉक्टरांनी मला तळलेलं, तिखट आणि गोड बंद केलं आहे, म्हणजे दोडका सोडून सगळं. घरात पथ्य कडक चालतं. बाहेर मी सकाळी फिरायला जातो. फिरायला म्हणजे कोपऱ्यापर्यंत जातो, कारण तिथे मिसळ मिळते. खाल्लं ते खाल्लं, तोंड पुसावं आणि विसरून जावं, हे शहाणपण मला सुचतं, झेपत नाही. जन्मभर बँकेत खतावण्या लिहिलेला माणूस मी. पैसे गेले आणि नोंद झाली नाही, या कल्पनेनेच मला अस्वस्थ होतं; मिसळीने होत नाही एवढी जळजळ न लिहिलेल्या मिसळीने होते. वही करून पाहिली. पण आमच्याकडे वहीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे. मागच्या पानावर वाणसामानाची यादी, मधल्या पानावर गॅसवाल्याचा नंबर, आणि शेंगदाणे लिहायला म्हणून हिने एके दिवशी नेमकं ते पान उघडलं असतं जिथे माझ्या वळणदार अक्षरात 'मिसळ, जादा तर्री' लिहिलेलं होतं. त्याआधीच मी ती वही रद्दीत घातली. पानं फाडून.

तर ॲप लिहायचं ठरलं. माणूस निवृत्त झाला की त्याला काहीही ठरवता येतं. भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला, त्यात अँड्रॉइड स्टुडिओ घालून दिला, आणि कोटलिन नावाची भाषा 'एकदम सोपी आहे मामा' असं सांगून शिकवली. जी गोष्ट भाचा सोपी म्हणतो ती मी हल्ली आधी पाणी पिऊन मगच सुरू करतो. लॅपटॉपचं वय असं की बिल्डचं बटण दाबलं की त्याचा पंखा सुरू व्हायचा आणि ही आतून विचारायची, "अहो, मिक्सर कुणी लावला?" वरून पाहणाऱ्याला ॲप अगदी सोज्वळ दिसेल अशी योजना होती: दूध, पेपर, इस्त्री आणि बाईंचे खाडे यांचा हिशेब. आत एक गुप्त फोल्डर. नाव कुणाला संशय येणार नाही असं हवं म्हणून मी ते 'पथ्य' ठेवलं.

ठेवलं म्हणजे तशी माझी समजूत होती. 'फाइल' असं लिहून कंसात जागेचं नाव आणि फोल्डरचं नाव दिलं, ॲप चालवलं, एकही लाल अक्षर उमटलं नाही, आणि त्या आनंदात मी एक बटाटेवडा खाऊन आलो, तो पहिली नोंद म्हणून लिहायला घेतला, तर फोन म्हणतो असं फोल्डरच नाही. भाच्याला फोन लावला.

"मामा, फोल्डर बनवलंत का?"

"बनवलं की. नाव नाही का दिलं?"

"ते नुसतं नाव झालं. 'फाइल' लिहिल्याने जागेवर काही तयार होत नाही. मेकडिर म्हणावं लागतं."

म्हटलं. पण माझ्यातल्या खतावणीवाल्याला 'पथ्य'च्या पोटात वर्षाचं फोल्डर आणि वर्षाच्या पोटात महिन्याचं फोल्डर हवं होतं, आणि मेकडिरची रीत अशी की वरचं फोल्डर आधीपासून नसेल तर ते खालचंही बनवत नाही. बनवत नाही याचं दुःख नाही. ते सांगत नाही. आरडाओरडा नाही, ॲप बंद पडणं नाही, फक्त मनातल्या मनात 'फॉल्स' असं उत्तर देऊन गप्प बसतं, आणि ते उत्तर आपण होऊन विचारलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजून आपण पुढे जातो. संसारात मुरलेल्या माणसाला ही शांतता ओळखता यायला हवी होती. मला आली नाही. सबंध संध्याकाळ घालवल्यावर कळलं की मेकडिरच्या शेवटी एक 'एस' लावायचा असतो. मेकडिर्स. मग वरची, मधली, खालची, सगळी फोल्डरं एका दमात होतात. एका अक्षराने मी सबंध घराण्याला जन्म द्यायचा राहिलो होतो.

मग तारखेने घात केला. बँकेतल्या सवयीने मी फाइलला नाव दिलं: मिसळ, पुढे तारीख, आणि दिवस-महिना-वर्षाच्या मध्ये तिरप्या रेघा. त्या तिरप्या रेघेला फोनच्या लेखी एकच काम आहे, फोल्डर वेगळं करणं. त्यामुळे 12/6/2024 वाचून त्याने 'मिसळ 12' नावाचं फोल्डर शोधायला घेतलं, त्याच्या आत '6' नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत '2024' नावाची फाइल. यातलं काहीच नव्हतं, तसं त्याने प्रामाणिकपणे कळवलं. मी मात्र बराच वेळ असं धरून चाललो की माझी मिसळ कुणीतरी हलवली.

तिरप्या रेघा काढल्या आणि म्हटलं, आता तारीखच नको, नावातच सगळं लिहू. नोंद कशी, दहा वर्षांनी ऑडिटरने वाचली तरी कळावी. म्हणून फाइलला नाव दिलं, 'फिरायला जातो सांगून कोपऱ्यावरच्या टपरीवर खाल्लेली एक प्लेट मिसळ जादा तर्री आणि दोन पाव अर्धा कप चहा'. फोनने नकार दिला: नाव फार लांब. आता इथे एक गंमत आहे, आणि ती मराठी माणसाला माहीत हवी. फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळ्यांची वेगळी पंगत. 'मिसळ' बारा बाइट खाते. 'कोथिंबीरवडी' 33. नुसत्या 'स्त्री'ला 18 लागतात, यावर मी काही बोलणार नाही. म्हणजे नावात मोजून 85 चिन्हं मावतात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला (तो मला येतो, असं तेव्हा वाटत होतं), तेव्हा दिसलं की टपरी, प्लेट, तर्री आणि दोन्ही पाव व्यवस्थित आत मावत होते. चहा बाहेर सांडला.

शेवटी सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये करायच्या असं ठरवून मी 'हिशेब' नावाची फाइल केली, आणि देवाच्या दयेने ती पहिल्या झटक्यात झाली. मग खरोखरच सुखाचा काळ आला. खाऊन यायचं, नोंद करायची, मन हलकं. महिनाअखेरीला गुप्त पान उघडलं, तर तिथे एकूण एवढंच: 'जिलेबी, एक'. सबंध महिन्यात एक! मला स्वतःबद्दल इतका आदर वाटला की मी हिला म्हणालो, "आजकाल माझा जिभेवर ताबा आलाय." ती म्हणाली, "मग शर्टाचं बटण का लागत नाही?" मी शर्टाला दोष दिला. बँकेतल्या माणसाचं हेच असतं. पोट आणि खतावणी यांत फरक आला तर तो पोट चुकलं असं धरतो.

पण बटणाने शंका घातलीच. म्हटलं, मूळ फाइल डोळ्यांनी पाहू. फोनमधलं फाइल मॅनेजर उघडलं. डाउनलोड होतं, फोटो होते, सोसायटीच्या सभेची कार्यवृत्तं होती, 'शुभ सकाळ'चे एवढे चाफे आणि मोगरे होते की हार करावा. पण 'पथ्य' कुठेच नव्हतं. लॅपटॉपला केबल लावून पाहिलं. नाही. ज्या फोनचे हप्ते मी भरतो त्या फोनमध्ये मी बनवलेलं, मी नाव दिलेलं फोल्डर मला दिसेना.

भाचा हसला आणि त्याने जे सांगितलं ते मला वाड्याच्याच भाषेत समजलं, कारण मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेला माणूस. अँड्रॉइड हा घरमालक आणि ॲप हे बिऱ्हाडकरू. ॲप बसवलं की घरमालक त्याला एक नंबर देतो, दहा हजारांपासून पुढचा, आणि एक खोली देतो, जिचं दार फक्त त्या नंबरालाच उघडतं. आमच्या वाड्यात फोडणीच्या वासावरून पलीकडच्या बिऱ्हाडात पाहुणे कोण आलेत ते कळायचं. इथे वासही बाहेर येत नाही. फाइल मॅनेजर म्हणजे तरी काय, आणखी एक बिऱ्हाडकरूच. त्यालाही माझ्या खोलीत मज्जाव. बाहेर एक सामाईक गच्ची होती, तिथे पूर्वी कुणीही काहीही वाळत घालायचं आणि कुणीही उचलायचं. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून तिथेही घरमालकाने दोऱ्या आखून दिल्या. आणि बिऱ्हाड सोडून गेलं की तो खोली झाडून घेत नाही, सामानासकट खोलीच पाडतो. फार पूर्वी एक सोय अशीही होती म्हणे की फाइल सगळ्या जगाला वाचता येईल अशी ठेवता यायची. ती 2012 मध्ये मोडीत काढायला घेतली आणि 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून तसं करू गेलं तर सरळ मनाईच होते. आमच्या घरात ती सोय अजून चालू आहे.

"पण मालक मी आहे ना?" मी विचारलं.

"फोनचे मालक तुम्ही. खोलीचं मालक ॲप."

म्हणजे खासगी जागा मिळाली होती, फक्त ती मला नव्हती मिळाली.

तरी ॲप मीच लिहीत असल्यामुळे अँड्रॉइड स्टुडिओतून आत डोकावायची एक खिडकी असते, तीतून भाच्याने फाइल उघडून दाखवली. एकच ओळ. जिलेबी, एक. कारण मी लिहिण्यासाठी 'राइटटेक्स्ट' वापरलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी जुनं सगळं पुसून नवं लिहितं. प्रत्येक वड्याने आधीची मिसळ पुसली होती, प्रत्येक भज्याने आधीचा वडा, आणि शेवटच्या जिलेबीने सगळ्यांना. 'अपेंडटेक्स्ट' लिहायला हवं होतं, मग ते मागे जोडत जातं. मी ते बदललं, आणि महिन्याभराचं आठवून आठवून पुन्हा भरलं. भरताना आदर उतरला.

यानंतरचा प्रसंग मी थोडक्यात उरकतो, कारण तो आठवला की अजून हात थरथरतो. फोन भरला. चाफे आणि मोगरे इतके झाले की नवा फोटो निघेना. कुणीतरी सांगितलं की सेटिंगमध्ये जाऊन कॅशे साफ करावी. गेलो. तिथे एकमेकांशेजारी दोन बटणं असतात. एकाने कॅशे जाते, म्हणजे पुन्हा तयार होऊ शकणारा पसारा, आणि दुसऱ्याने ॲपचं सगळं, फाइल, फोल्डर, पथ्य, वर्ष, महिना. फोनने विचारलंसुद्धा, खरंच करू का? चष्मा टीव्हीवर होता. मी हो म्हणालो. इतर ॲपांच्या बाबतीत मी बरोबर बटण दाबलं होतं, चाफा एकही गेला नाही.

पुन्हा सगळं भरलं. या वेळी मात्र काही चुकलं नाही. फोल्डर फोल्डरात होतं, नोंदी एकाखाली एक वाढत होत्या, बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं. आत जायचा रस्ताही मी बेमालूम केला होता: वर 'दुधाचा हिशेब' असं लिहिलं होतं त्यावर बोट काही वेळ दाबून धरायचं, तरच गुप्त पान उघडणार. एवढ्या वर्षांत प्रथमच माझा असा एक कोपरा झाला होता जिथे पणत्या नव्हत्या.

मग हिला नवा फोन घेतला. फोन लावून द्यायला भाचा आला. आमच्या घरात ईमेलचं खातं एकच, माझ्या नावाचं. त्याचा पासवर्ड दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेला आहे. नव्या फोनने विचारलं, जुन्या कुठल्या फोनवरून सगळं आणू? भाचा म्हणाला, "मामांच्या फोनवरूनच आणतो मामी, म्हणजे सगळ्यांचे नंबर आयते येतील." ही म्हणाली, "आण. आणि ते दुधाचं नि इस्त्रीचं ॲपही घाल बाबा, प्रत्येक वेळी यांना विचारत बसावं लागतं." भाच्याने लॅपटॉपची केबल लावली. मी पलीकडच्या खोलीत निर्धास्त पेपर वाचत होतो. ॲपच जाणार होतं ना, कोरं करकरीत. खोली तर माझ्या फोनमध्ये होती.

आता ऐका. 2015 साली अँड्रॉइड 6 आलं तेव्हापासून अशी व्यवस्था आहे की ॲप लिहिणाऱ्याने स्पष्ट नको म्हटलं नसेल, तर ॲपच्या खासगी जागेतल्या फाइली, फोल्डरांसकट, 25 एमबीपर्यंत, आपल्या खात्याच्या ड्राइव्हवर जपून ठेवल्या जातात. फोन चार्जिंगला लावलेला असतो, वायफाय चालू असतं, आपण घोरत असतो, तेव्हा हे काम होतं. आणि त्या साठ्यावरून उभ्या केलेल्या नव्या फोनवर तेच ॲप बसवलं, की सगळं जसंच्या तसं परत मांडून मिळतं. मी नको म्हटलं नव्हतं. नको म्हणायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. माझी आजवरची सगळी पापं मिळून त्या 25 एमबीच्या पासंगालाही पुरत नव्हती, त्यामुळे एकही मागे राहिलं नाही.

तरी ते गुप्त पान होतंच. पण ही कुठलंही बटण दाबते ते दाबूनच धरते. लिफ्टचंसुद्धा.

रात्री ताटात दोडका होता. हिने चष्मा लावला, फोन समोर धरला आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली: अमुक तारीख, मिसळ, जादा तर्री. अमुक तारीख, वडे दोन, चटणी परत मागून. अमुक तारीख, जिलेबी पाव किलो, 'सगळी मी नाही खाल्ली' असा शेरा. चतुर्थी, साबुदाणावडा, आणि त्यापुढे कंसात 'उपासाचा असल्याने धरू नये'. भाचा पोळीकडे बघत होता. मी दोडक्याकडे बघत होतो, आयुष्यात प्रथमच इतक्या प्रेमाने. ती शेवटपर्यंत आली, थांबली, पुन्हा वर गेली, बोटाने एकेक ओळ मोजत खाली आली. मी मनात दोन-तीन खुलासे तयार करून ठेवले होते. शेवटचा तर इतका चांगला होता की तो वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

"अहो," ती म्हणाली, "बेरीज चुकलीय."

तीस रुपयांनी चुकली होती. मी नंतर तपासली, कॅल्क्युलेटर घेऊन. तिचंच बरोबर होतं. मिसळीबद्दल ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. आल्या-गेल्याला एवढंच सांगते की हे बँकेत होते.

ॲप आता तिच्या फोनवर आहे आणि माझ्या नोंदी ती करते, 'अपेंडटेक्स्ट'ने. माझ्या वयाच्या ज्या मित्रांना असंच काही लिहायची हुक्की आली असेल त्यांना हात जोडून सांगतो: ॲपच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये 'अलाउबॅकअप' अशी एक खूण असते, तिथे आधी 'फॉल्स' लिहा. ते जमत नसेल तर फाइल 'नोबॅकअपफाइल्सडिर' या फोल्डरात ठेवा, तिथलं ड्राइव्हवर जात नाही. आणि हे मिसळ खायच्या आधी करा, नंतर नव्हे.